फरार एजंटची थरारमालिका लिहिताय? मग या चुका टाळा

जुलैची रात्र, बाहेर मुसळधार पाऊस, आणि गोव्यातल्या मालीमच्या जेटीवरून सुटणाऱ्या ट्रॉलरवर नायक शेवटच्या क्षणी उडी मारतो. पोलीस धक्क्यावर हात चोळत उभे. माझ्याकडे वाचायला आलेल्या एका हस्तलिखितातलं हे चौथं प्रकरण. लिहिणाऱ्याचा हात चांगला होता; डिझेलचा वास, ओल्या दोराची पकड, सगळं नेमकं उतरलं होतं. फक्त जुलैत मालीमहून ट्रॉलर सुटत नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, जाळी उतरवलेली, बहुतेक खलाशी आपापल्या गावी गेलेले. बेती-वेऱ्यातल्या शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. त्याच्या हातात हे पुस्तक पडलं तर तो त्याच पानावर ते मिटेल.

मी फोंड्यात राहते. नव्या लेखकांच्या रहस्यकथा आणि थरारकथा वाचून दुरुस्त्या सुचवणं हे गेली काही वर्षं माझं आवडीचं काम आहे. त्यात सगळ्यात जास्त येतात त्या फरार एजंटच्या मालिका. गुप्तचर खात्यातला माणूस, त्याच्यावर देशद्रोहाचा खोटा आळ, मागे स्वतःचंच खातं आणि समोर एक कट, जो उलगडला तरच तो वाचणार. साचा जुना, पण अजून दमदार. माणूस एकटा पडल्यावर कसा वागतो हे पाहायला याहून चांगली जागा क्वचित मिळते, म्हणून तो आळसाने बिघडवलेला मला बघवत नाही. पुढच्या चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. बहुतेकींवर इलाज आहे.

पानोपानी पाठलाग, तरी वाचक जांभया देतो

पहिल्या पन्नास पानांत तीन पाठलाग, दोन गोळीबार, एक स्फोट. लेखकाला वाटतं गोष्ट सुसाट चालली आहे. वाचणारा मात्र परिच्छेद गाळत पुढे जातो, कारण प्रत्येक पाठलागानंतर नायक होता तिथेच असतो: खिशात पैसे, हातात फोन, अंगावर ओरखडा नाही. थरारकथेला वेग येतो तो एकेक वाट बंद होत गेल्याने. पाय कितीही पळोत, सगळ्या वाटा उघड्या असतील तर गोष्ट जागेवरच उभी असते.

तपासायचं कसं? प्रत्येक प्रकरण संपलं की वहीत लिहा, आता नायकाकडे काय उरलं आहे: पैसे, फोन, गाडी, विश्वासाचा माणूस, खोटं ओळखपत्र, झोपायला जागा. सहाव्या प्रकरणाची यादी दुसऱ्या प्रकरणाइतकीच लांब असेल, तर मधली चार प्रकरणं नुसती धावपळ आहेत. ती फाडू नका. प्रत्येकातून एक गोष्ट काढून घ्या.

रायबंदरची फेरीबोट घ्या. नायकाला चोडणला जायचं आहे. तो धक्क्यावर येतो तेव्हा बोट नुकतीच पलीकडच्या काठाकडे निघालेली. आता उभं राहायचं. बाजूला हेल्मेट न काढता थांबलेले दोन स्कूटरवाले, मासळीची पाटी घेतलेली बाई, गणवेशातली पोरं. नायकाच्या मागच्या बसमधून उतरलेला एक माणूस हळूच येऊन चार पावलांवर उभा राहतो. बोट परत येते, लोखंडी फळी काँक्रीटवर खरवडत टेकते, गाड्या उतरतात, मग हे सगळे चढतात. फळी वर उचलली गेली की पुढची काही मिनिटं कोणालाच कुठे जाता येत नाही, नायकाला नाही आणि त्या माणसालाही नाही. इथे कोणी धावत नाही, गोळी सुटत नाही. तरी मला विचाराल तर मांडवी पुलावरच्या कुठल्याही गाड्यांच्या शर्यतीपेक्षा हे पान लवकर उलटलं जाईल.

गोवा लहान आहे, हे विसरू नका

सर्वांत मोठा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

मुंबईत किंवा दिल्लीत माणूस गर्दीत मिसळून जातो. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्यात ते जमत नाही. किनाऱ्यावर पर्यटकांत मिसळता येतं, तेही मोसमात. आत सत्तरी-सांग्याकडे वळलात की तिठ्यावरचा पहिलाच माणूस विचारतो, "तूं खंयचो रे बाबा?" त्यात वैर नसतं, संशयही नसतो, ती इथली रीत आहे. पण फरार माणसाला हा प्रश्न नाकाबंदीपेक्षा जड जातो, कारण त्याला गाव, वाडा आणि कोणाचा पाहुणा ते सांगावं लागतं, आणि समोरचा त्या वाड्यावरच्या कोणाला तरी ओळखतच असतो. एका लेखिकेने नायकाला केरीत आठवडाभर लपवलं आणि त्याला एकानेही हटकलं नाही. मी तिला म्हटलं, आधी तुझ्या मावशीला विचार, तिच्या वाड्यावर अनोळखी माणूस किती वेळ अनोळखी राहतो.

वाहनांच्या चुका तर सर्रास दिसतात. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी म्हणजे भाड्याने स्वतः चालवायला घेतलेली, हे इथल्या प्रत्येक हवालदाराला लांबूनच कळतं. तुमचा एजंट तशी स्कूटर घेऊन गावात शिरला तर तो बाहेरचा, हे त्याने तोंड उघडण्याआधीच ठरलेलं असतं. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल म्हणजे पायलट, भाडं घेऊन मागे बसवून नेणारा. पायलटच्या मागे बसणं ही इथली साधी गोष्ट आहे, आणि नायकासाठी ती दुधारी आहे: कोणी वळून बघत नाही, पण पायलटला आपलं गिऱ्हाईक बरोबर आठवतं. २०१९ पासून मांडवीवर अटल सेतू आहे. त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा मोटारसायकलवरचा पाठलाग त्याच्यावर चढवलात तर तो पहिल्या तोंडालाच अडतो. मीरामारहून पर्वरीकडे निघालेला स्वार जुन्या पुलानेच जाणार, आणि खलनायकालाही ते माहीत असणार. प्रसंग इथूनच रचा.

पणजीला रेल्वे स्टेशन नाही. जवळचं करमळी, जुन्या गोव्याजवळ. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या सावकाश धावतात, म्हणून जानेवारीत जुळणारी वेळ ऑगस्टमध्ये जुळत नाही. गावाकडच्या बसेस संध्याकाळनंतर विरळ होतात, रात्री नसतातच. अ‍ॅपवर बोट दाबलं आणि दोन मिनिटांत टॅक्सी दारात, हे मुंबईचं दृश्य इथे जसंच्या तसं बसत नाही. राज्याबाहेर पडायचे रस्ते मोजके: उत्तरेला पत्रादेवी आणि दोडामार्ग, पूर्वेला चोर्ला आणि अनमोड घाट, दक्षिणेला पोळे. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून मोपाही सुरू झाला. हे सगळं कागदावर मांडून बसा. आपला माणूस कोणत्या वाटेने सुटू शकत नाही हे ठरलं की तो कसा सुटेल ते आपोआप दिसायला लागतं.

पाण्यातल्या वाटाही आहेत, आणि आमच्या लेखकांच्या त्या फारशा ध्यानात येत नाहीत. कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि जुवारीला आतून जोडतो. पावसाळ्यात आग्वादजवळ नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालबोटी, याच कालव्याने जात. त्याच्या काठच्या चिखलात मगरी आहेत. खाजन शेतांचे, म्हणजे खारं पाणी अडवून राखलेल्या शेतांचे, बांध आहेत, त्यांवरून एका वेळी एकच माणूस चालू शकतो. बांधातलं मानस, म्हणजे पाण्याचं दार, भरतीच्या दाबाने मिटतं आणि ओहोटीला उघडतं. बांधाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी, मध्ये नायक, डावीकडे खारं पाणी चढत चाललेलं. गोव्यात राहून हे न वापरता समुद्रकिनाऱ्यावरच्या पार्टीतच गोष्ट अडकवायची, हे मला खरंच पटत नाही.

एजंट नेमका कोणाचा?

"रॉच्या अधिकाऱ्याने त्याला बेड्या ठोकल्या." हे वाक्य मी इतक्या वेळा खोडलं आहे की आता हात आपोआप वळतो. रॉची स्थापना १९६८ ची, काम परदेशातल्या हेरगिरीचं. देशातली माहिती गोळा करणारा इंटेलिजन्स ब्युरो त्याहून कितीतरी जुना, १८८७ चा. अटकेचा अधिकार दोघांनाही नाही. पकडणारे हात पोलिसांचे, नाहीतर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कायदा करून उभ्या केलेल्या राष्ट्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एनआयएचे. म्हणजे खात्याला आपलाच माणूस पकडायचा असेल तर गोवा पोलिसांना काहीतरी सांगावं लागणार, आणि खरं कारण तर सांगता येणार नाही. मग म्हापशाच्या पोलीस निरीक्षकाच्या टेबलावर एक अर्धवट कागद येतो. त्याला तो खटकतो. इथे तुम्हाला फुकटात एक चांगलं पात्र मिळालं.

एजंटला काढून कसं टाकतात? बहुतेक हस्तलिखितांत साहेब टेबलावर हात आपटून म्हणतो, "तू आजपासून नोकरीत नाहीस." राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात याहून थंड आणि भीषण तरतूद आहे: राज्याच्या सुरक्षिततेचं कारण असेल तर चौकशी न करता, बाजू न ऐकता सरकारी नोकराला बडतर्फ करता येतं. एक पानी पत्र. कारण नाही, सही आहे. आरडाओरडीच्या प्रसंगापेक्षा ते पत्र वाचकाच्या जास्त लक्षात राहील.

फोन ऐकण्याचंही तसंच. कोणीही बटण दाबून कोणाचाही फोन ऐकू शकत नाही. नेहमीच्या रीतीने त्याला केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो आणि वाढवत वाढवत १८० दिवसांपुढे जात नाही. नियमांप्रमाणे या नोंदी ठरावीक मुदतीने, साधारण सहा महिन्यांनी, नष्टही केल्या जातात. कटाचा एकमेव पुरावा म्हणजे मागची तारीख घातलेला असा एक आदेश, आणि तो कायद्यानेच अमुक दिवशी जाळला जाणार आहे: तुमच्या मालिकेचं घड्याळ तिथेच टिकटिकायला लागलं. त्यासाठी बाँब लागत नाही.

माहितीच्या अधिकारातून गुप्तचर संस्थांना सूट आहे, पण भ्रष्टाचाराच्या किंवा मानवी हक्कभंगाच्या आरोपांबाबतची माहिती त्या सुटीत बसत नाही. तुमच्या गोष्टीतली वकील बाई हे दार ठोठावू शकते.

आणि कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम आता १०३. जुना हवालदार बोलताना "तीनशे दोन" म्हणेल, ते चालतं, उलट खरं वाटतं. एफआयआरच्या कागदावर मात्र ते चालणार नाही. गोष्ट २०२४ च्या आधी घडत असेल तर उलट काळजी घ्या. लुकआउट सर्क्युलर देशाबाहेर जाणाऱ्याला विमानतळावर आणि बंदरावर अडवतं. मडगावहून मुंबईची गाडी पकडणाऱ्याला ते अडवत नाही.

कट इतका मोठा की कोणालाच समजत नाही

मंत्री, उद्योगपती, तीन देश, उपग्रह आणि एक जुना पंथ. शेवटी खलनायकाला पाच पानांचं भाषण करून सगळं समजावून सांगावं लागतं. भाषण लागलं म्हणजे कट फसला, असं मी धरते. इलाज एकच: कट हातात धरता येईल इतका लहान करा. तो कुठल्या कागदात, कुठल्या आकड्यात दिसतो ते ठरवा.

मुरगाव बंदरात बोटीवर खनिज चढवलं की वजन कसं मोजतात माहीत आहे? इतका माल तराजूत घालता येत नाही. बोट पाण्यात किती बुडाली ते बघतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना, अशा सहा जागी बोटीच्या अंगावर रंगवलेले आकडे वाचतात. त्याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. पाण्याची घनता मोजतात, बोटीच्या तक्त्यातून हिशेब करतात, पाणी आणि इंधनाचं वजन वजा करतात. आता समजा एका रात्री लहान होडीतून जाताना तुमच्या नायकाला दिसलं, की कागदोपत्री पूर्ण भरलेल्या बोटीच्या अंगावरचे आकडे पाण्याच्या बरेच वर आहेत. बोट रिकामी आहे. मग कागदावरचं खनिज कुठे आहे, आणि त्याचे पैसे कोणाला गेले? एका नजरेत कट वाचकाच्या मुठीत आला. फक्त साल सांभाळा: सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या होत्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लिजेस रद्द केल्या. २०१३ च्या गोष्टीत मांडवीतून खनिजाच्या बार्जची रांग दाखवलीत तर डिचोलीचा वाचक तुम्हाला सोडणार नाही.

कटात माणसं किती असावीत? याच बंदरातलं खरं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. मुरगावला आश्रयाला आलेल्या जर्मन बोटींपैकी एहरेनफेल्सवरून पाणबुड्यांना संदेश जातात असा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ बंदरावर उघड हल्ला करता येईना. मग कलकत्त्याच्या हौशी घोडदळातले, बहुतेक मध्यमवयीन, कंपन्यांत नोकऱ्या करणारे गोरे निवडले, कलकत्त्याहून फीबी नावाची बार्ज वळसा घालून आणली, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री एहरेनफेल्सवर चढाई केली. तटस्थता मोडली हे कबूल करता येत नव्हतं, म्हणून त्या माणसांना पदक नाही, गौरव नाही, आणि ती हकीकत पुढे अनेक दशकं दडून राहिली. गुपित टिकलं ते माणसं थोडी होती आणि प्रत्येकाला गप्प बसायला कारण होतं म्हणून. तुमच्या कटातल्या प्रत्येक माणसापुढे लिहा: हा गप्प का बसतो? उत्तर "भीतीने" एवढंच असेल तर तो माणूस काढून टाका.

लवकर निस्तरता येण्यासारख्या चुका

सिम कार्ड फेकलं म्हणजे सुटका झाली असं नाही. हँडसेटचा स्वतःचा क्रमांक टॉवरला दिसतच राहतो. फोन बंद केला तर शेवटचा टॉवर कुठला ते उरतं. पण टॉवरवरून घरनंबर कळत नाही. गावाकडे टॉवरचा आवाका काही किलोमीटरचा असतो, हेही लक्षात ठेवा. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावू नका. गोळ्या मोजा: आपल्याकडच्या ९ मिमी सरकारी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये १३ मावतात, नळीत आधीच एक असेल तर चौदा; पंधरावी सुटली की आम्ही थांबतो. नदीत उडी मारून बाहेर आलेल्या माणसाच्या खिशातल्या नोटा, कागद आणि फोन भिजलेले असतात.

संवादातला गोवा

मराठी कादंबरीत गोव्याची माणसं कशी बोलतील, हा प्रश्न नाजूक आहे आणि तो टाळून चालत नाही. आम्ही घरात कोंकणी बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, देवळातल्या आरत्या मराठीत म्हणतो, आणि सरकारी कचेरीत इंग्रजी कागद भरतो. तुमच्या पुस्तकातला फोंड्याचा हवालदार सदाशिव पेठेसारखं बोलला तर ते कानाला टोचतं. सगळे संवाद कोंकणीत घातले तर नागपूरचा वाचक अडखळतो. मी सुचवते ते असं: निवेदन मराठीत, आणि माणसाचं पहिलं वाक्य, रागातलं वाक्य आणि मायेचं वाक्य कोंकणीत. लपलेल्या नायकाला ताट वाढणारी म्हातारी "जेवलो मरे?" एवढंच विचारू दे. अर्थ सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मी कळकळीने सांगते. ख्रिस्ती पात्र आलं की हातात बाटली, तोंडात "मॅन", गळ्यात गिटार: हे हिंदी सिनेमाने केलं, आपण करायचं कारण नाही. माझ्या शेजारच्या वाड्यावरचा पोदेर पहाटे सायकलचा भोंगा वाजवत पाव टाकतो, दुपारी मुलीचा अभ्यास घेतो आणि गावातल्या प्रत्येक घरात कोण परतलं, कोण गेलं, किती पाव वाढले हे त्याला ठाऊक असतं. बंद घरात दोन पाव जास्त जायला लागले, हे पोलिसांच्या आधी त्याला कळेल. तो साक्षीदार आहे. त्याला विनोदापुरता वापरू नका.

दुसऱ्या भागात पहिला भाग विसरणे

पहिल्या भागाच्या शेवटी खांद्यात गोळी, दुसरा भाग तीन दिवसांनी सुरू, आणि नायक दोरावरून चढतो. मालिकेत हे फार होतं, कारण दोन भागांच्या लेखनात वर्षाचं अंतर असतं. एक दिनदर्शिका घ्या, कालनिर्णय असेल तर उत्तम, आणि गोष्टीतला प्रत्येक दिवस तिच्यावर पेन्सिलीने लिहा. तारखेबरोबर तिथी मिळते, तिथीबरोबर चंद्र मिळतो, आणि चंद्राबरोबर भरती. कोकणपट्टीतला जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊण तासाने गुणायचं. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. गोव्यात हिशेब थोडा मागेपुढे होतो, म्हणून मुरगावचं भरतीचं वेळापत्रक ताडून घ्या. अमावास्येच्या रात्री चांदण्यात चमकणारी नदी मी आजवर तीन हस्तलिखितांत पाहिली आहे.

प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट हवा. कटाचा मोठा धागा पुढे जाऊ दे, पण या भागात जो प्रश्न विचारलात त्याचं उत्तर याच भागात द्या. वाचक दुसरा भाग विकत घेतो तो पहिल्याने समाधान दिलं म्हणून.

मालीमच्या ट्रॉलरचं पुढे काय झालं ते सांगते. मी त्या लेखकाला ट्रॉलर काढायला सांगितलं नाही. बांधलेलाच ठेवा आणि त्यातून काही निघतं का बघा, एवढंच म्हटलं. महिन्याभराने चौथं प्रकरण परत आलं. त्याने तारीख १४ जुलैवरून ३१ जुलैवर आणली होती. एजंट जेटीपासून चौथ्या रांगेतल्या ट्रॉलरच्या जाळ्याखाली पडून आहे. बर्फ चढवून झाला, डिझेल भरून झालं, गावाहून परतलेले खलाशी डेकवर बसून बोलत आहेत. समुद्र खवळलेला असेल तर बंदी उठूनही ट्रॉलर दोन-चार दिवस बाहेर पडत नाहीत, आणि ट्रॉलर हाकणारा तांडेल अजून काही बोललेला नाही. मध्यरात्रीला वीस मिनिटं आहेत. धक्क्यावर पोलिसांची जीप दिवे विझवून उभी आहे, कारण आज बारा वाजता काय होतं हे त्यांनाही माहीत आहे.